पावसाळी डबक्यांतले बेडूक: सह्याद्रीत एका मोसमाची पाहणी कशी करावी

पावसाळ्यात आंबोलीला एक रात्र काढली की दहा-बारा जातींचे बेडूक सहज दिसतात. फोटो मिळतात, यादी होते. पण त्यातला कुठला बेडूक कुठल्या डबक्यात वाढला, ते डबकं किती दिवस टिकलं आणि अंड्यांतून निघालेली पिल्लं पाणी आटायच्या आत बाहेर पडली की नाही, हे ती यादी सांगत नाही. या लेखात सांगितलेली पाहणी या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांसाठी आहे. तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: आधी पाण्याची वही, मग बेडकांची. डबकं हा नमुना धरायचा आणि त्याच त्या डबक्यांकडे, पाणी असो वा नसो, पुन्हा पुन्हा जायचं. जीवशास्त्राचे विद्यार्थी, निसर्गमंडळं आणि थोडी शिस्त पाळायची तयारी असलेले हौशी लोक, कुणालाही हे जमण्यासारखं आहे.

उदाहरणं आंबोली, चौकुळ, चोर्ला या पट्ट्यातली घेतली आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवरची आंबोली, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारं, आणि त्यांना लागूनच सदाहरित रान. एकाच दिवसाच्या पायपिटीत उन्हातलं उथळ कातळडबकं आणि झाडोऱ्याखालचं पाचोळ्याचं काळं पाणी, दोन्ही तपासता येतं.

परदेशी पुस्तिका जपून वापरा

मोसमी रानडबक्यांच्या पाहणीवरच्या बऱ्याचशा पुस्तिका अमेरिकेच्या ईशान्य भागातून आलेल्या आहेत. तिथे बर्फ वितळून जंगलातल्या खळग्यांत पाणी साचतं, वसंतात काही रात्रींत वुड फ्रॉग आणि ठिपक्यांचे सॅलमँडर (सरड्यासारखे दिसणारे, शेपटीचे उभयचर) येऊन अंडी घालतात आणि उन्हाळ्यात पाणी आटतं. वुड फ्रॉगची मादी मोसमात अंड्यांचा एकच गोळा घालते. त्यामुळे गोळे मोजले की प्रजननाला आलेल्या माद्यांचा अंदाज येतो. पद्धत सुबक आहे, आपल्याकडे मात्र ती चालत नाही. आपलं डबकं जूनमध्ये भरतं, आठवडाभर पावसानं ओढ दिली की आटतं आणि पुन्हा भरतं. काही जाती पहिल्या दोन-चार रात्रींत उरकून घेतात, काही ऑगस्टपर्यंत ओरडत राहतात. कित्येकांची अंडी पाण्यावर पातळ पापुद्र्यासारखी पसरतात, एका सरीत फुटून विखुरतात. सॅलमँडर तर आपल्याकडे नाहीतच, भारतात ते पूर्व हिमालय आणि ईशान्येकडेच आहेत. तेव्हा अंडी मोजून माद्यांचा हिशेब मांडायचा मोह टाळा. त्या पुस्तिकांतून निर्जंतुकीकरण, नोंदींची शिस्त आणि आवाजाचा निर्देशांक तेवढा उचला.

मे महिना: परवानगी आणि नकाशा

परवानगीचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. नुसतं बघणं आणि फोटो काढणं वेगळं, प्राणी हाताळणं वेगळं. अभयारण्यात संशोधनासाठी शिरायचं असेल किंवा संरक्षित जाती पकडायच्या असतील तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात हा अर्ज नागपूरला जातो, म्हणून जानेवारीतच पाठवा. हाती परवाना नसेल तर संपूर्ण पाहणी न हाताळता करता येते. खाली मी ती तशीच आखली आहे आणि पहिल्या मोसमाला तेवढी पुरते.

सड्यांची मालकी हा आणखी एक गुंता. काही सडे खाजगी, काही गावच्या सामाईक मालकीचे, काही देवस्थानचे. आंबोली, गेळे, चौकुळ इथे कबुलायतदार गावकर जमिनीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या मालकीचा प्रश्न कित्येक वर्षांचा आहे. तुम्ही फिती घेऊन जमीन मोजताना दिसलात की लोक सावध होणारच. ग्रामपंचायतीत आधी भेटा, पत्र द्या, काय मोजणार ते सांगा. गुराख्यांशी बोला. कुठलं पाणी गणपतीपर्यंत टिकतं आणि कुठलं दोन उन्हांत जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

मग नकाशा. मेच्या शेवटी कोरडे खळगे ओळखू येतात: तळाला वाळलेल्या शेवाळाचा काळा थर, चिखलाच्या खपल्या, कडेला सुकलेलं गवत. वळवाच्या सरी पडल्या की खात्री होते. दिसतील ते सगळे खळगे फोनवरच्या जीपीएसनं नोंदवा. त्यांचे तीन गट करा: उघडा सडा, रानाची कड, झाडोऱ्याखाली. प्रत्येक गटातून पाच ते सात डबकी चिठ्ठ्या टाकून निवडा. चिठ्ठ्या टाकणं पोरकट वाटेल, पण हीच पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात. ‘इथे बेडूक भरपूर असतात’ म्हणून निवडलेली डबकी घेतलीत तर निष्कर्षही तेवढ्याच डबक्यांचे. ज्यात कधीच काही सापडणार नाही अशी दोन-चार डबकी यादीत आली तर उत्तम. शून्य हीसुद्धा नोंद आहे.

रस्त्याकडेच्या चाकोऱ्या आणि जुन्या चिरेखाणीत साठलेलं पाणीही वेगळा गट म्हणून घेता येईल. खाणीतलं पाणी जास्त दिवस टिकतं, पण जास्त टिकणाऱ्या पाण्यात चतुरांच्या अळ्या आणि पाणभुंगेही जास्त असतात. डासांसाठी कुणी गप्पी मासे सोडले असतील तर तेही लिहा. अंडी आणि लहान बेडूकमासे खायला ते मागेपुढे बघत नाहीत.

प्रत्येक डबक्याला क्रमांक द्या: सड्यासाठी स-०१, कडेसाठी क-०१, रानासाठी र-०१. कातळावर रंग फासू नका, भोक पाडू नका. चार बाजूंच्या खुणा दिसतील असा एक फोटो काढा आणि त्याच जागी उभं राहून दर फेरीला तोच फोटो घ्या. मोसमाअखेर हे फोटो ओळीनं लावले की अर्धी गोष्ट तिथेच दिसते.

सामान

यादी मोठी नाही. दोन हेडटॉर्च आणि जादा सेल, गमबूट, स्टीलची पट्टी, पाच मीटरची टेप, थर्मामीटर, पेन्सिल, पाणी न लागणारी वही किंवा साधी वही झिपलॉक पिशवीत. पेन नको, आंबोलीच्या धुक्यात शाई पसरते. बेडूकमासे बघायला पांढरी मेलामाइनची थाळी आणि बारीक जाळीची चहाची गाळणी. कातळावरच्या पाच सेंटिमीटर पाण्यात मोठी जाळी घालायलाच जागा नसते, तिथे गाळणीच कामाची. सरळ उभ्या बाजूंच्या भांड्याचं घरगुती पर्जन्यमापक मुक्कामाच्या घराजवळ उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला मोजा. हवामान खात्याचं मोजमाप त्याच वेळचं असतं, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. दिवसाला २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तरच तो दिवस पावसाचा, हा त्यांचा नियमही उचला.

पैसे असतील तर नाण्याएवढे तापमाननोंदक मिळतात. एक डबक्याच्या तळाशी ठेवायचा. पाणी असतं तोवर दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कमी असतो, आटलं की एकदम वाढतो. तुम्ही नसताना डबकं कुठल्या दिवशी कोरडं पडलं ते असं कळतं.

बूट धुणे

कायट्रिड बुरशीनं जगभरात बेडकांच्या कित्येक जाती नाहीशा केल्या. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. आपल्याकडे तशी सामूहिक मरतूक दिसलेली नसली तरी एका खोऱ्यातला चिखल दुसऱ्या खोऱ्यात आपणच नेऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.

क्रम असा. डबक्यांच्या एका समूहातून निघताना बूट, गाळणी, थाळी यांचा चिखल ब्रशनं पूर्ण काढायचा. चिखल राहिला तर औषधाचा उपयोग नाही. मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण किंवा ७० टक्के अल्कोहोल फवारून निदान एक मिनिट ओलं राहू द्यायचं. बाजारातल्या ब्लीचमध्ये किती टक्के हायपोक्लोराइट आहे ते लेबलवर बघा. ४ टक्के असेल तर एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी. नंतर साध्या पाण्यानं धुवा. हे सगळं पाण्यापासून लांब, गाडीजवळ, कारण ब्लीच डबक्यात गेलं तर बुरशीच्या आधी बेडूकमासे मरतील. गाव बदलताना सामान उन्हात किंवा चुलीजवळ खडखडीत वाळवता आलं तर आणखी चांगलं. जुलैत ऊन मिळणं कठीण, म्हणून दोन जोड ठेवा.

हाताला डासांचं मलम लावलं असेल तर तो हात पाण्यात घालायचा नाही. बेडकाची कातडी श्वासही घेते आणि पाणीही शोषते, त्यावर लागलेलं सगळं आत जातं. हातमोजे घालायचे तर पावडर नसलेले नायट्राइलचे, तेही त्याच डबक्याच्या पाण्यात आधी विसळून. लॅटेक्सचे मोजे बेडूकमाशांना घातक ठरल्याचे प्रयोग आहेत.

पहिल्या रात्री: मृग लागताना

पंचांगात पावसाच्या नक्षत्राचं वाहन बेडूक असलं की गावात बरा पाऊस होणार म्हणतात. त्या भाकिताचं पंचांगकर्ते बघतील. आपल्याला महत्त्वाचं हे की मेच्या शेवटच्या जोरदार वळवापासून मृगाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुठल्याही रात्री निघायची तयारी हवी. कारण काही जातींचं प्रजनन स्फोटक असतं, शेकडो नर एकदम बाहेर येतात आणि दोन-तीन रात्रींत सगळं आटोपतं. बैलबेडकाचे नर या दिवसांत पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या फुगतात आणि भातखाचरं दणाणतात. चुकलात तर पुढच्या वर्षी.

आंबोलीच्या सड्यांवरचा मुख्य मानकरी म्हणजे आंबोली टोड (टोड म्हणजे भेक), झॅन्थोफ्राईन टायग्रिना. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याचं वर्णन केलं, आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याच प्रजातीतला (जीनसमधला) दुसरा, कोयनेचा टोड, सोमण यांनी १९६३ मध्ये नोंदवला होता. जगात या प्रजातीच्या दोनच जाती, दोन्ही पश्चिम घाटातल्या. आंबोली टोड अंडी घालतो ते कातळावरच्या उथळ पावसाच्या पाण्यात. घोटाही बुडणार नाही अशा डबक्यात. दिवसा तो सुट्या चिऱ्यांखाली दडतो, म्हणून दगड उलटायची सवय सोडा. उलटलाच तर जसा होता तसाच, त्याच बाजूनं, त्याच खाचेत परत ठेवा. त्याखालची ओल जपली जाणं टोडइतकंच विंचू, पाली आणि बाकी सगळ्यांना लागतं.

रात्रीच्या फेरीची पद्धत: डबक्यापासून दहा-पंधरा पावलांवर थांबा, टॉर्च बंद करा. तुमच्या चाहुलीनं गप्प झालेले नर पुन्हा बोलू लागेपर्यंत काही मिनिटं नुसतं उभं राहा. मग पाच मिनिटं ऐका आणि प्रत्येक जातीला ० ते ३ असा निर्देशांक द्या. ०, आवाज नाही. १, एकेक नर मोजता येतो, आवाज एकमेकांवर चढत नाहीत. २, आवाज चढतात पण नर अजून वेगळे कळतात. ३, अखंड कल्लोळ, मोजणं अशक्य. फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि सुरुवातीलाच तोंडानं तारीख, वेळ, डबक्याचा क्रमांक आणि हवेचं तापमान बोला. तापमानाप्रमाणे ओरडण्याचा वेग बदलतो, पुढे आवाजावरून जात ठरवताना हा आकडा लागतो.

ऐकून झालं की टॉर्च लावून काठानं एक फेरी. दोघांनी वीस मिनिटं, म्हणजे चाळीस माणूस-मिनिटं. एवढाच वेळ, प्रत्येक डबक्याला, प्रत्येक वेळी. एका डबक्यावर रमलात आणि दुसरं पाच मिनिटांत उरकलंत तर दोन्हींची तुलना करता येत नाही.

ओरडणारा प्रत्येक जण डबक्याचा नसतो

इथे जरा थांबतो, कारण हौशी अहवालांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डबक्याकाठच्या झुडपातून टिक-टिक आवाज येतो, वहीत लिहिलं जातं ‘डबक्यात प्रजनन’. तो आवाज बहुतेक राओर्चेस्टिस प्रजातीतल्या झुडुपी बेडकाचा. बॉम्बे बुशफ्रॉग त्यातलाच. त्याच्या अंड्यांतून थेट छोटा बेडूक बाहेर येतो, बेडूकमाशाची अवस्थाच नाही, त्याला डबकं लागतच नाही. आंबोलीच्याच नावाचा सुडोफिलॉटस आंबोली, त्याचंही तसंच. रातबेडूक निक्टिबॅट्रॅकस ओढ्यांचे. इंडिराना प्रजातीचे बेडूकमासे पाझरणाऱ्या ओल्या कातळाला चिकटून वाढतात.

उलट, मलबारचा उडता बेडूक झाडावर असतो, पण त्याचं भवितव्य खालच्या पाण्यात. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पानं गुंडाळून तो पांढरा फेसाचा गोळा लावतो, काही दिवसांनी पिल्लं त्यातून खाली पाण्यात टपकतात. घरटं दिसलं की त्याच्या नेमकं खाली काय आहे ते लिहा. पाणी असेल तर खोली मोजा. सुकी जमीन असेल तर तेही लिहा, पाऊस आला की तिथे पाणी साचतं का ते पुढच्या फेरीला कळेल.

म्हणून प्रत्येक जातीपुढे पुराव्याची प्रत लिहायची: फक्त आवाज, प्रौढ दिसला, जोडी दिसली, अंडी, बेडूकमासा, चार पाय फुटलेलं पिल्लू. शेवटचं दिसल्याशिवाय त्या डबक्यात प्रजनन यशस्वी झालं असं म्हणायचं नाही.

दिवसाची फेरी: पाणी

दिवसा आधी पाणी मोजायचं. सर्वात मोठी लांबी आणि तिला काटकोनात सर्वात मोठी रुंदी घ्या. दोन्हींचा गुणाकार करून ०.७८५ नं गुणलं की लंबगोल धरून क्षेत्रफळ मिळतं. ४ मीटर लांब, २.५ मीटर रुंद डबकं म्हणजे सुमारे ७.९ चौरस मीटर. खोली दर वेळी एकाच ठिकाणी, जिथे ती सर्वात जास्त आहे तिथे. पाण्याचं तापमान सावलीकडे आणि उन्हाकडे, दोन्ही. डोक्यावर झाडोरा किती टक्के, तळाला काय, पाचोळा, चिखल की कातळ. गुरं उतरलेली दिसतात का. गाड्या धुतल्याचं तेल, प्लॅस्टिक.

नमुन्यादाखल एका नोंदीचं रूप असं असावं: ‘स-०७, १२ जुलै, सकाळी ९.४०. पाऊस थांबून २ दिवस. लांबी २.१, रुंदी १.४ मी., खोली ६ सें.मी., मागच्या फेरीला ९. पाणी २७ अंश उन्हात. मायक्रोहायला बेडूकमासे, पाय नाहीत, २० ते ५०. काळे टोडचे बेडूकमासे कडेला झुंडीत, मागचे पाय, १०० हून जास्त. चतुराची अळी १. मासे नाहीत. फोटो ४.’ यात विशेषणं नाहीत, ‘खूप’, ‘थोडे’ नाहीत. संख्येचे गट आधीच ठरवून घ्या: १ ते १०, ११ ते ५०, ५१ ते १००, १०० हून जास्त. नमुन्यात २० ते ५० आहे ते मुद्दाम खटकावं म्हणून ठेवलंय, वहीत ते ११ ते ५० असायला हवं. असे मधलेच आकडे घुसले की तक्ता करताना डोकं पिकतं.

अंडी आणि बेडूकमासे

जातीपर्यंत ओळख नेहमीच शक्य नाही आणि तसा हट्टही नको. गटापर्यंत पोचलात तरी पुष्कळ. पाण्यावर एकेरी थराचा तरंगता पापुद्रा, त्यात बारीक काळपट ठिपके, ही मायक्रोहायलासारख्या लहान तोंडाच्या बेडकांची अंडी. लांबच लांब काचेसारख्या दोऱ्यात ओवलेले काळे मणी, ती घराभोवती दिसणाऱ्या नेहमीच्या भेकाची. आंबोलीतला टोड वेगळा, त्याची ओळख फोटो जाणकाराला दाखवूनच पक्की करा.

बेडूकमाशांत मायक्रोहायलाचे आरपार दिसणारे, मधल्या पाण्यात स्थिर तरंगणारे, वरच्या बाजूला तोंड असलेले, खरवडायला दात-चोच नसलेले. भेकाचे काळे, लहान, उथळ कडेला झुंडीनं. बैलबेडकाचे मोठे आणि मजबूत जबड्याचे. ते इतर बेडूकमासे खातात, आपल्या भावंडांनाही सोडत नाहीत. ज्या डबक्यात ते आहेत तिथे बाकीच्यांची संख्या झपाट्यानं घसरताना दिसली तर नवल नाही.

वाढीसाठी केनेथ गॉस्नर यांनी १९६० मध्ये दिलेले ४६ टप्पे जगभर वापरले जातात. डबक्याकाठी पावसात ४६ टप्पे मोजत बसणं अव्यवहार्य. चार टप्पे पुरेत: पाय नाहीत, मागचे पाय फुटले, पुढचे पाय आले, शेपूट आखडत आली. गॉस्नरच्या हिशेबात पुढचे पाय बाहेर येतात तो ४२ वा टप्पा, शेपूट संपते तो ४६ वा. या शेवटच्या टप्प्यांत पिल्लू धड पोहू शकत नाही आणि धड उडीही मारू शकत नाही. काठावर पाय ठेवताना तिथे बघा.

गाळणीचा वापर परवानगी असेल तरच, आणि मोजून: काठाच्या दर मीटरला एक झटका, थाळीत त्याच डबक्याचं पाणी, फोटो, गटवार मोजणी, दोन-तीन मिनिटांत परत. एका डबक्यातला बेडूकमासा दुसऱ्यात कधीही नाही. रानातल्या चिखलतळाच्या डबक्यात बूड कापलेली बादली दाबून आतले सगळे मोजता येतात. ३० सेंटिमीटर व्यासाची बादली म्हणजे ०.०७ चौरस मीटर, त्यावरून घनता निघते. जांभ्यावर हे करू नका, खडबडीत कातळावर बादलीची कड बसत नाही आणि खालून सगळे निसटतात.

परवाना नसेल तर काठावर बसून, ध्रुवीकृत चष्मा लावून पाण्यात बघा. पाणी उथळ असल्यानं सड्यावरच्या डबक्यांत नुसत्या नजरेची मोजणीही बरीच नेमकी येते. रानातल्या गढूळ पाण्यात येत नाही. दोन गटांची तुलना करताना हा फरक विसरू नका.

किती वेळा जायचं

समजा डबक्यात एखादी जात आहे आणि एका फेरीत ती तुम्हाला सापडायची शक्यता ४० टक्के आहे. एकदाच गेलात तर दहातल्या सहा डबक्यांवर तुम्ही खोटं शून्य लिहिणार. तीनदा गेलात तर तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. पाच फेऱ्यांत ८ टक्क्यांच्या खाली. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली पद्धत याच तत्त्वावर चालते: पुन्हा पुन्हा केलेल्या फेऱ्यांच्या ०-१ नोंदींवरून ‘आहे पण दिसलं नाही’ आणि ‘नाहीच’ यांतला फरक काढायचा. तिची एक अट आहे, या फेऱ्यांदरम्यान डबक्याची स्थिती बदललेली नसावी. म्हणून फेऱ्या महिन्याला एक अशा पसरू नका. जूनच्या मध्यावर आठवड्याभरात तीन, जुलैअखेर तीन, सप्टेंबरच्या सुरुवातीला तीन, असे झुबके करा. मधल्या काळात आठवड्यातून एकदा नुसतं पाणी मोजलंत तरी चालेल. ते काम गावातला एखादा शाळकरी मुलगा किंवा मुलगी उत्तम करते, मात्र दिवसा आणि घरच्यांना विचारून.

जुलैच्या मुसळधारीत एक वेगळी अडचण: डबकी भरून वाहतात, सड्यावरची पाच-सहा डबकी एकच होतात आणि बेडूकमासे वाहून जातात. त्या दिवशी ‘वाहतं’ असा शेरा आणि कुठल्या डबक्याला जोडलं गेलं ते लिहा. त्याशिवाय पुढच्या फेरीची घट कळणार नाही.

सगळ्यात दुर्लक्षित आठवडे श्रावण सरून गणपती बसतात तेव्हाचे. सहकारी घरी, गाड्या भरलेल्या, गावात कुणाला वेळ नाही. आणि नेमकी तेव्हाच उघडीप लागते, डबकी आटू लागतात, पिल्लं बाहेर पडतात किंवा तळाशी वाळतात. डबकं आटलं त्या दिवशी आत किती बेडूकमासे होते आणि कुठल्या टप्प्यावर, हा मोसमातला सर्वात मोलाचा आकडा आहे. त्या दिवसांची जबाबदारी जूनमध्येच ठरवून टाका. डबकं पुन्हा भरलं तर पुन्हा मोजा, ‘दुसरा भराव’ असं वेगळं लिहा.

जीव सांभाळून

रात्री एकट्यानं जायचं नाही. सड्यावर विजा चमकू लागल्या की लगेच उतरायचं, तिथे उंच असे तुम्हीच असता. सड्यावर फुरसं, रानात चापडा, दोन्ही विषारी साप. दोघेही बेडकांसाठी तिथेच येतात जिथे तुम्ही वाकून बघता. काठावर हात टेकण्याआधी टॉर्च फिरवा. जळवांना तंबाखूचं पाणी मोज्यांना लावतात, ते डबक्यात गेलं तर वाईट. घट्ट विणीचे जळू-मोजे घाला. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातल्या जंतूंमुळे येणारा ताप) रुग्ण दर वर्षी आढळतात. निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला आणि परतल्यावर ताप आला तर पाण्यात काम केल्याचं त्यांना आवर्जून सांगा.

घाटरस्त्यावर पहिल्या पावसाच्या रात्री गाडी सावकाश. चाकाखाली मेलेले बेडूक दिसले तर जागा, तारीख आणि जात लिहा, तीसुद्धा नोंदच.

मोसमानंतर

तक्ता साधा ठेवा: एका ओळीत एक डबकं, एक फेरी, एक जात. ‘दिसलं नाही’ला ०, ‘गेलोच नाही’ला रिकामी जागा. या दोन गोष्टी एक झाल्या तर संपूर्ण मोसम वाया जातो. पहिला आलेख जातींचा काढू नका. प्रत्येक डबक्याची खोली आणि खाली रोजचा पाऊस असा काढा, त्यावर अंडी, मागचे पाय, पुढचे पाय दिसल्याच्या तारखा टिंबांनी भरा. किती दिवस सलग पाणी राहिलं तर कुठल्या गटाची पिल्लं बाहेर पडली, हे डोळ्यांनीच दिसतं. मग गणिताकडे वळा.

फोटो प्रकाशित करताना आंबोली टोडच्या डबक्यांचे अक्षांश-रेखांश देऊ नका, आधीच तिथे पावसाळी रात्री छायाचित्रकारांची गर्दी असते आणि सड्यावर नको तितके दगड उलटले जातात. तालुका आणि गाव पुरे. अचूक जागांसह पूर्ण तक्ता वनखात्याला द्या. तसंच जैविक विविधता अधिनियम २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत झाडं आणि औषधी वनस्पती भरपूर असतात, डबकी क्वचितच. गावकऱ्यांनी सांगितलेल्या पाणवठ्यांच्या नावांसह, कुठलं किती दिवस टिकतं या आकड्यांची दोन पानं मराठीत लिहून समितीकडे द्या. सड्यावर काजूची लागवड, चिरेखाण किंवा नवा रस्ता यांचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा ही पानं हाताशी असतील.